कुंडी का फुटली?

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मातीच्या कुंड्यांवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण या विषयात माझ्या नावावर एक जुनी उधारी होती. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे मामा सैन्यात आहेत. त्यांची बदली सिमल्याला झाली तेव्हा मामीने खानापूरहून घेतलेल्या चार कुंड्या सामानाबरोबर तिकडे नेल्या. दहावीच्या परीक्षेनंतर एप्रिलमध्ये मी त्यांच्याकडे गेलो. पाहतो तो एक कुंडी उभी चिरलेली, दोन कुंड्यांच्या काठाचे पापुद्रे सुटून खाली पडलेले. चौथी मात्र जिन्याखाली रिकामी, पालथी पडून होती. तिला ओरखडाही नव्हता.

"कुंभारानं कच्च्याच भाजल्यात. गावी गेलास की सांग त्याला," मामी म्हणाली.

मी सांगितले. म्हातारा कुंभार माझ्याकडे बघत राहिला. "इथं कधी फुटल्या न्हाईत रे बाळ," एवढेच म्हणाला आणि पैसे न घेता दोन नव्या कुंड्या त्याने माझ्या हातात ठेवल्या. मीही त्या घेतल्या.

पुढे कॉलेजात आल्यावर एकदा सायन्सच्या मित्राशी बोलताना बर्फाचा विषय निघाला आणि मला ती चौथी कुंडी आठवली. चारही कुंड्या एकाच भट्टीतल्या. मग तीच कशी वाचली?

भाजलेल्या मातीत डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. माठातले पाणी थंड होते ते त्यांच्यामुळेच. कुंडी किती पाणी पिते हे मी घरी वजन करून पाहिले. ५ किलोची कोरडी कुंडी रात्रभर पाण्यात ठेवली. सकाळी ती ५ किलो ६०० ग्रॅम भरली. म्हणजे तब्बल ६०० ग्रॅम पाणी तिच्या अंगात मुरले होते.

आता हिशेब पाहा. पाणी गोठले की सुमारे ९ टक्के फुगते. १०० भाग पाण्याचे १०९ भाग बर्फ होते. छिद्रे अर्धीच भरलेली असतील तर वाढलेल्या बर्फाला पसरायला जागा मिळते. ती काठोकाठ भरली असतील तर ते ९ भाग जाणार कुठे? ते आतून मातीला रेटतात. एका रात्रीत कुंडी फुटेलच असे नाही. पण सिमल्यात हिवाळ्यात दिवसा ऊन पडून बर्फ वितळते, ते पाणी पुन्हा छिद्रांत शिरते आणि रात्री पुन्हा गोठते. असे अनेकदा झाले की आधी पापुद्रे सुटतात, मग चीर जाते. कुंडीतली ओली मातीही गोठून फुगते. तोंड पसरट असेल तर ती वर सरकते. तोंड आत वळलेले असेल तर कुंडीच फोडते.

जास्त आचेवर भाजलेली कुंडी पाणी कमी पिते, म्हणून थंडीत अधिक टिकते, हे खरे. पण आपल्याकडच्या कुंड्या आपल्या हवेसाठी घडवलेल्या असतात. बेळगाव-खानापुरात पाणी कधी गोठत नाही. चौथी कुंडी कोरडी होती म्हणून वाचली. आमचा दोष भलत्याच खात्यावर मांडला गेला होता!

यावर उपाय सोपे आहेत. थंड प्रदेशात हिवाळ्याआधी कुंड्या रिकाम्या करून, धुऊन, पूर्ण वाळवून छपराखाली पालथ्या ठेवाव्यात. मोठी कुंडी हलत नसेल तर खालची ताटली काढून ती विटांवर उचलून ठेवावी, म्हणजे तळाचे भोक मोकळे राहते. भोवती कोरडे गोणपाट गुंडाळावे आणि ते भिजू देऊ नये. नुसत्या बाहेरून रंग देण्याचा उपयोग नाही. आतून शिरलेले पाणी रंगाच्या मागे अडकते आणि रंगासकट कपचे सुटतात.

नुकसान झालेच तर घाई करू नये. कुंडी काही आठवडे सावलीत वाळू द्यावी. सैल पापुद्रे ब्रशने झाडून काढावेत. बारीक चीर असेल तर काठाखाली तार आवळून बांधावी आणि चिरेत इपॉक्सी भरावे. ओल्या कुंडीवर ते धरत नाही. अशी कुंडी पुन्हा थंडीत बाहेर ठेवू नये. अगदीच फुटली तर तिची खापरी दुसऱ्या कुंडीच्या भोकावर ठेवायला उपयोगी पडते. उरलेले तुकडे कुंभाराला द्यावेत. त्यांची भुकटी नव्या मातीत मिसळली की वाळताना माती कमी आकसते.

हे सारे मी माझ्या कन्नड विभागातील मित्राला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "तप्पु मण्णिनदल्ल, नीरिनदु." चूक मातीची नव्हे, पाण्याची. तेवढे वाक्य घेऊन मी गेल्या दिवाळीत खानापूर गाठले. दोन कुंड्यांचे पैसे पुढे केले आणि झाला प्रकार सांगितला. म्हाताऱ्याने पैसे नीट मोजून कमरेला लावले. मग विचारले, "आता मामीला पालथ्या घालायला सांगितलास न्हवं?"

सांगितले होते. यंदा सिमल्यात एकही कुंडी फुटली नाही.