पडद्यावरील मजकूर कागदावर उतरतांना

जिंतूर तालुक्यांतील चारठाणा हें गांव तेथील प्राचीन मंदिरांमुळें व कोरीव स्तंभामुळें अभ्यासकांस परिचित आहे. अशा मंदिरांची सचित्र पुस्तिका काढावयाची, असें कोणीं मनांत आणल्यास संगणकावर जुळविलेलीं पानें परभणीच्या छापखान्यास क्षणांत धाडतां येतात. परंतु पडद्यावर दिसलें तेंच कागदावर उतरेल असें नाहीं. असें कां व्हावें?

जावजी दादाजींनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला, त्या काळीं खिळे छापखान्याचे असत. लेखकानें केवळ हस्तलिखित द्यावें. आज अक्षरांचे सांचे, म्हणजे फाँट, आपल्या संगणकांत असतात. ते फाइलीबरोबर जातीलच असें नाहीं. जुन्या पद्धतीच्या फाँटांत तर देवनागरी अक्षर रोमन अक्षराच्या क्रमांकावर बसविलेलें असतें. तो फाँट छापखान्याजवळ नसला, कीं ‘मंदिर’ शब्दाच्या जागीं अर्थहीन रोमन अक्षरें उमटतात. १९९१ सालच्या युनिकोडनें देवनागरीस स्वतंत्र क्रमांक दिले. तथापि फाँट बदलला, कीं जोडाक्षरांचें वळण व ओळींची लांबी बदलतेच. म्हणून फाँट आंत सामावून घेतलेली पीडीएफ पाठवावी.

दुसरी गोष्ट रंगांची. पडदा तांबडा, हिरवा व निळा प्रकाश मिसळतो. छापखाना आकाशी, किरमिजी, पिवळी व काळी शाई वापरतो. पडद्यावरील कित्येक तेजस्वी रंग शाईच्या आवांक्याबाहेरचे असतात. मजकूर मात्र केवळ काळ्या शाईंत ठेवावा. चार रंगांत छापल्यास त्यांची जुळणी किंचित चुकली तरी अनुस्वार व वेलांट्या धूसर होतात.

छायाचित्र ५ इंच रुंद हवें असल्यास, इंचास ३०० या हिशेबानें, त्यांत आडवे १५०० बिंदू असावेत. एरवीं स्तंभावरील कोरीवकाम पुसट दिसेल. व्हॉट्सॲपवरून नेहमींच्या रीतीनें धाडलेल्या छायाचित्रांतील बिंदू कमी होतात. तें ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडावें. रंग कडेपर्यंत न्यावयाचा, तर तो कापणीच्या रेषेबाहेर ३ मिलिमीटर वाढवावा.

एवढें करूनही, ज्या कागदावर पुस्तिका छापावयाची त्याच कागदावरील प्रूफ मागवावें. कारण खरखरीत कागद शाई अधिक शोषतो व चित्र काळवंडतें. प्रूफ अक्षरशः वाचूनच संमतीची सही करावी. मंदिराचें नांव एकदां चुकीचें छापलें गेलें, कीं ती चूक घरोघरीं पोंचते, आणि पुढील अभ्यासक तीच उतरून घेतो.