थकलेल्या कुरणास विसावा

सततच्या मोकाट चराईने कुरणातील पवना, मारवेल ही सकस गवते खुंटतात, कुसळी माजते आणि उघडी पडलेली माती पावसाबरोबर वाहून जाते. अल्पभूधारकास सारे कुरण एकदम बंद ठेवणे परवडत नाही. त्याने कुरणाचे दोन भाग करून यंदा एक, पुढील वर्षी दुसरा राखावा. उतारास आडवे समपातळी चर काढावेत. पावसाच्या प्रारंभी मारवेलाचे ठोंब लावून स्टायलोचे बी पेरावे. द्विदल स्टायलोमुळे जमिनीस नत्र मिळते. राखलेले गवत फुलोऱ्यावर येताच कापून गोठ्यात घालावे. थोडा पट्टा बी पडण्यासाठी सोडावा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने १९९० च्या दशकात चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून उजाड डोंगरांवर पुन्हा गवत आणले. एकाने राखावे आणि दुसऱ्याच्या गुरांनी चरावे, असे होऊ नये म्हणून हा नियम ग्रामसभेनेच करणे इष्ट होय.