पावसाआधी टायरच्या खाचा

मीरा-भाईंदरला बर्फ पडत नाही. गाड्या घसरतात त्या जून ते सप्टेंबरच्या पाण्यावर. काशिमीऱ्याहून घोडबंदर रस्त्याने गायमुखकडे जाणारी गाडी वेगात साचलेल्या पाण्यात शिरली आणि टायरच्या खाचांना ते पाणी बाहेर फेकता आले नाही, तर चाक रस्ता सोडून पाण्याच्या थरावर तरंगते. मग ना ब्रेक लागतो, ना स्टिअरिंग ऐकते.

कारच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, असा नियम आहे. खाचेच्या तळाशी छोटे रबरी उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण ओल्या रस्त्यावरची पकड त्याआधीच बरीच घटते, म्हणून ३ मिलिमीटरलाच टायर बदललेला बरा. घेताना बाजूवरचे चार आकडे जरूर वाचावेत: २३२४ म्हणजे टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला.

दोनच टायर घ्यायचे असतील, तर नवे मागे बसवावेत, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळत असली तरीही. मागची पकड आधी सुटली, तर गाडी गर्रकन फिरते.

मनालीच्या एका सहलीसाठी बर्फाचे टायर मात्र घेऊ नयेत. सात अंशांखालीही मऊ राहणारे त्यांचे रबर इथल्या तापलेल्या डांबरावर भराभर झिजते.