परिचर्येच्या शिक्षणात वाचणारा वेळ

चेन्नईच्या दक्षिणेला जुन्या महाबलिपुरम मार्गावर वसलेले शोळिंगनल्लूर माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या कचेऱ्यांसाठी ओळखले जाते. परंतु याच पट्ट्यात पेरुंबाक्कमचे ग्लेनइगल्स रुग्णालय आणि केळंबाक्कमचे चेट्टिनाड रुग्णालय व त्याला जोडलेले नर्सिंग महाविद्यालय यांसारख्या संस्थाही उभ्या आहेत. संगणकक्षेत्रातील नोकरीऐवजी रुग्णसेवेचा व्यवसाय पत्करावा, असे येथील एखाद्या पदवीधराला वाटू लागले, की चार वर्षांचा नर्सिंगचा अभ्यासक्रम त्याला फार लांब भासतो आणि थोड्या मुदतीत तेच शिक्षण देण्याची ग्वाही देणाऱ्या खासगी संस्थेकडे त्याचे लक्ष वेधले जाते. ही ओढ स्वाभाविक आहे; मात्र मुदत किती कमी झाली यापेक्षा ती कशातून कमी झाली, हे तपासल्यावाचून प्रवेशाचा निर्णय घेणे धोक्याचे ठरते.

ज्याला त्वरित किंवा अ‍ॅक्सिलरेटेड अभ्यासक्रम म्हणतात, तो मुख्यतः अमेरिकेत रूढ झाला. अन्य विषयातील पदवी असलेल्या व्यक्तीला तेथे साधारणतः ११ ते १८ महिन्यांत नर्सिंगची पदवी मिळवता येते, कारण भाषा, समाजशास्त्र यांसारख्या सामान्य विषयांचे श्रेयांक तिच्या खात्यावर आधीच जमा असतात. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि सांख्यिकी हे विषय मात्र प्रवेशापूर्वी पूर्ण झालेले असावे लागतात; अभियांत्रिकीच्या पदवीत यांतील बरेचसे नसल्याने त्यांसाठी आणखी वर्षभर खर्ची पडू शकते. रुग्णशय्येजवळ करावयाच्या कामाला तेथेही सूट नसते. ते थोड्या महिन्यांत दाटीने पूर्ण करावे लागते, म्हणूनच या काळात नोकरी करू नये असे अनेक महाविद्यालये विद्यार्थ्यांना बजावतात.

भारतात अन्य शाखेच्या पदवीधरासाठी असा आखूड मार्ग नाही. नोंदणीकृत परिचारिका होण्याचे येथे दोन मुख्य रस्ते आहेत: आठ सत्रांत विभागलेली चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग, आणि जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, म्हणजे जीएनएम, ही तीन वर्षांची पदविका. बी.एस्सी.साठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांत मिळून ४५ टक्के गुण आणि इंग्रजीत उत्तीर्णता लागते, तसेच प्रवेशाची कमाल वयोमर्यादा ३५ वर्षे आहे. त्यामुळे बारावीला जीवशास्त्र न घेतलेल्या अभियंत्याला हा दरवाजा बंद असतो; त्याला जीएनएमकडे वळावे लागते, कारण तेथे कोणत्याही शाखेची बारावी ग्राह्य धरली जाते. जीएनएम होऊन नोंदणी झाल्यावर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. मुदत आखडण्याची भारतीय व्यवस्थेला मान्य असलेली रीत हीच आहे, आणि तिच्यात वगळले जाते ते केवळ परिचारिकेने आधी प्रत्यक्ष पार पाडलेले शिक्षण.

या मुदतीमागे मोठा इतिहास आहे. मद्रासच्या सरकारी जनरल हॉस्पिटलमध्ये १८७१ साली सुइणींसाठी जो वर्ग सुरू झाला, तो अवघ्या सहा महिन्यांचा होता आणि त्यात चार विद्यार्थिनी होत्या. महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्याच्या सेवासदनाने मध्यमवर्गीय स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा या कामाला प्रतिष्ठा मिळवून देणे हाच मोठा लढा होता. पुढे १९२६ च्या मद्रास कायद्याने नोंदणी आली, १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर येथे पदवीशिक्षण सुरू झाले आणि १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली. औषधाची मात्रा, जंतुसंसर्ग, अतिदक्षता यांचा भार जसजसा परिचारिकेवर आला, तसतसे शिक्षण लांबत गेले. त्याची मुदत आखडताना हा भार कमी होत नाही, हे ध्यानात ठेवावे लागते.

खासगी बाजारात सहा महिने किंवा वर्षभराच्या ज्या अभ्यासक्रमांच्या नावात नर्सिंग हा शब्द येतो, त्यांतील पुष्कळसे प्रत्यक्षात रुग्णसाहाय्यकाचे, म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंटचे असतात. रुग्णाला स्नान घालणे, त्याची कूस बदलणे, त्याला भरवणे ही कामे मोलाचीच आहेत आणि ती शिकवणारा प्रामाणिक वर्ग उपयुक्तही असतो. परंतु त्या प्रमाणपत्रावर राज्य परिचर्या परिषदेची नोंदणी होत नाही, आणि नोंदणीवाचून ना परिचारिका म्हणून सरकारी नेमणूक मिळते ना परदेशातील परवाना परीक्षेला बसता येते. साहाय्यकाच्या शिक्षणासाठी परिचारिकेच्या शिक्षणाचे शुल्क आकारले जाणे ही गरजू कुटुंबाची उघड लूट होय.

म्हणून चौकशी संस्थेच्या माहितीपत्रकापासून सुरू न करता नोंदणीपासून सुरू करावी. चेन्नईत तमिळनाडू नर्सेस अँड मिडवाइव्हज कौन्सिलची मान्यता आणि पदवीसाठी गिंडी येथील डॉ. एम.जी.आर. वैद्यकीय विद्यापीठाची संलग्नता अथवा अभिमत विद्यापीठाचा दर्जा तपासावा. महाराष्ट्रात तेच काम महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आणि नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांच्याकडे आहे. त्यानंतर स्वतःचे, निदान शंभर खाटांचे रुग्णालय संस्थेकडे आहे का, आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण तेथे प्रत्यक्षात पाळले जाते का, हे वॉर्डात जाऊन पाहावे. एकूण शुल्क, वसतिगृह व गणवेशाचा खर्च, मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याची किंवा ठरावीक काळ नोकरीत बांधून ठेवण्याची अट या बाबी लेखी मागाव्यात. चेन्नईत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने तमिळ शिकण्याची तयारीही ठेवली पाहिजे, कारण वेदना कुठे होते हे रुग्ण आपल्याच भाषेत सांगतो.

अमेरिकेतील त्वरित अभ्यासक्रमाचा विचार करणाऱ्यांची चौकशी वेगळी असते. शोळिंगनल्लूरहून तेथे बदली झालेल्या कुटुंबात एच-४ या आश्रितांच्या व्हिसावरील जोडीदाराला शिकण्याची मुभा असते, परंतु नोकरीसाठी स्वतंत्र परवाना लागतो आणि तो २०१५ च्या नियमानुसार ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्यांनाच मिळतो. त्यामुळे पदवी हाती येऊनही पगार लांबणीवर पडू शकतो. तेथे राज्याच्या परिचर्या मंडळाची मान्यता, अधिस्वीकृती आणि एनक्लेक्स या परवाना परीक्षेत त्या महाविद्यालयाचे किती विद्यार्थी पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले, ही माहिती आधी पाहावी. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी फ्लोरिडातील तीन नर्सिंग शाळांच्या नावे ७,६०० हून अधिक बनावट पदविका व प्रमाणपत्रे विकली गेल्याचे उघड केले आणि २५ जणांवर आरोप ठेवले. त्या खरेदीदारांचे वाचलेले महिने रुग्णांजवळ घालवण्याचे होते, आणि त्यांची किंमत अखेरीस रुग्णांनाच मोजावी लागण्याचा धोका होता.

सारांश, आधी मिळवलेले ज्ञान पुन्हा शिकण्यातून सुटका करणारा आणि नोंदणीपर्यंत नेणारा अभ्यासक्रम महाग असला, तरी कुटुंबाची आर्थिक ताकद पाहून त्याचा विचार करणे योग्य आहे. परंतु रुग्णाजवळच्या तासांना कात्री लावणारा अभ्यासक्रम स्वस्त असला, तरी नाकारावा. चार किंवा पाच वर्षे लागणार असतील, तर त्या हिशेबाने बचत, कर्ज आणि घरची जबाबदारी आखणे कठीण असले, तरी शक्य असते. नोंदणी न मिळणाऱ्या कागदापायी गेलेले वर्ष मात्र भरून निघत नाही.