पितळेचे आयुष्य, रबराची मुदत

घोडेगावच्या तालुका कचेरीवर ज्या आंबेगावचे नाव आहे, ते मूळ गाव डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले. आणि समुद्रापासून सह्याद्रीच्या रांगेने विलग झालेल्या घोड नदीकाठच्या माणसाला पाण्याखाली श्वास घेण्याच्या साधनाविषयी इतकी आस्था का वाटावी, याचे उत्तर बहुधा या एका वस्तुस्थितीतच आहे. हुतात्मा बाबू गेनूंचे नाव धारण करणाऱ्या त्या विस्तीर्ण पाण्याकडे पाहत वाढलेल्याला तळाशी काय असेल हा प्रश्न सुटत नाही. मला मात्र तळापेक्षा तेथवर नेणाऱ्या यंत्राचीच ओढ अधिक लागली. त्यातही पाठीवरच्या पितळी डबीतून दोन वळीदार नळ्या खांद्यांवरून तोंडाशी येतात, त्या जुन्या रेग्युलेटरची.

या यंत्राची वंशावळ समुद्रातून नव्हे, खाणीतून निघते. बन्वा रुकेरोल या फ्रेंच खाण-अभियंत्याने १८६० मध्ये दूषित हवेत सापडलेल्या कामगारांसाठी दाब नियंत्रित करणारे उपकरण सिद्ध केले आणि ओग्युस्त दनेरूझ या नौदल अधिकाऱ्याच्या साहाय्याने काही वर्षांतच ते पाण्यात उतरवले. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतील मंडळी समुद्रतळावर हिंडतात ती याच साधनाच्या आधारे. पण त्या काळच्या टाकीत पुरेशा दाबाची हवा मावत नसल्यामुळे ती कल्पना दीर्घकाळ मागे पडली. पुढे दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोल दुर्मीळ झाले, तेव्हा मोटारी ज्वलनवायूवर चालवण्यासाठी एअर लिक्विड कंपनीतील एमिल गान्यां एक झडप तयार करीत होता. डिसेंबर १९४२ मध्ये फ्रेंच नौदल अधिकारी जॅक कूस्तो त्याला भेटला आणि त्या झडपेचे भाग्य पालटले. मार्न नदीतील पहिल्या परीक्षेत मात्र शरीर उभे होताच हवा व्यर्थ वाहून जाई आणि डोके खाली होताच श्वास मिळेना. हवा आत घेण्याचे आणि बाहेर सोडण्याचे द्वार भिन्न पातळ्यांवर होते, आणि पाण्यात वीतभर अंतरानेही दाब बदलतो, हे ध्यानात आल्यावर उच्छ्वासाची झडप डबीतल्या, श्वासासरशी हवा सोडणाऱ्या पडद्याच्या निकट आणली गेली. दुसरी नळी तोंडापासून परत पाठीकडे जाते ती याच कारणास्तव. १९४३ च्या त्या एका दुरुस्तीत पुढील तीस वर्षांचा आकार ठरून गेला.

१९५५ चे मिस्त्राल आणि १९५८ चे डीए अ‍ॅक्वा मास्टर ही त्या परंपरेची माझ्या मते सर्वांत प्रौढ अपत्ये. दरम्यान, मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने १९५२ मध्येच पॉरपॉइज हे एका नळीचे रेग्युलेटर बाजारात आणले होते. दाब कमी करण्याचा दुसरा टप्पा त्याने थेट तोंडाशी नेला, आणि सत्तरीच्या दशकात सर्वत्र त्याच रचनेचा अंमल बसून दोन नळ्यांचे उत्पादन जवळजवळ थांबले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८१ मध्ये सागरी पुरातत्त्वाचे केंद्र उभे राहून डॉ. एस. आर. राव यांनी द्वारकेचा समुद्र धुंडाळला, तोवर हे स्थित्यंतर पुरे झाले होते. आज मालवण-तारकर्लीला हौशी पर्यटकाच्या तोंडी दिले जाते तेही एका नळीचेच साधन. त्यामुळे आपल्याकडे जुन्या यंत्राची ओळख होण्याची वेळच आली नाही, ही खंत मला वाटते.

परदेशांत प्रथम ही यंत्रे कपाटात शोभेसाठी गेली. ती पुन्हा पाण्यात आली ती सिलिकॉनमुळे. मूळचे पडदे, नळ्या आणि झडपा रबराच्या. रबराची मुदत ठराविक, पितळेची जवळजवळ अमर्याद. नव्या सिलिकॉनचे सुटे भाग मिळू लागले, दाबमापक आणि राखीव मुखनळी जोडण्याची तरतूद असलेले पहिले टप्पेही घडवले गेले, आणि पन्नास वर्षांपूर्वीचे यंत्र नित्याच्या वापरास योग्य ठरले. २००५ मध्ये अ‍ॅक्वा लंग कंपनीने मिस्त्राल हे नाव नव्याने बाजारात आणले. ते फार काळ टिकले नाही.

जुनी डबी उघडणे हा संयमाचा व्यवहार आहे. डबीचे दोन अर्धे एकत्र धरणारे पट्टे सोडवले की आत जुन्या पापडासारखा कडक, कडांना तडकलेला पडदा दिसतो. त्याखाली तरफांची जोडी, आणि सांध्यांवर क्षारांची हिरवट बुरशी. पातळ व्हिनेगरच्या पाण्यात भाग थोडाच वेळ ठेवावा; क्रोमचा थर जेथे फाटलेला असतो तेथे आम्ल आत शिरून उरलेला थरही उचलते. आटे घासताना तारेचा ब्रश वापरणारा माणूस ते यंत्र कायमचे बिघडवतो, कारण पितळ मऊ असते आणि झीज भरून येत नाही. चकाकी आणण्यासाठी बफवर चढवण्याचा मोह तर मी सर्वथा निषिद्ध मानतो: अक्षरे पुसट होतात, कडा गोलावतात, आणि ज्या पृष्ठभागांवर हवाबंदपणा अवलंबून असतो त्यांचीच सपाटी जाते. जेथे क्रोम शिल्लक आहे तेथे ते तसेच राहू द्यावे; मळकट यंत्रही उत्तम श्वास देते.

खरी खातरजमा मापनात आहे. उच्च दाबाच्या झडपेचे आसन भिंगाखाली धरले की छिद्राच्या कडेने उमटवलेले वर्तुळ दिसते. ते खोल असेल तर आसन बदलावे. दोन टप्प्यांच्या यंत्रात जोडणीनंतर टप्प्यांमधील दाब आठ बारच्या आसपास येऊन काटा स्थिर राहिला पाहिजे. तो मंदपणे वर सरकत राहिला तर आत गळती आहे, आणि तसे यंत्र कोणाच्याही पाठीवर देऊ नये. दुसऱ्या टप्प्यासाठी पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून केलेला साधा मापक पुरतो: सुमारे अडीच सेंटिमीटर पाण्याच्या ओढीत हवा सुरू व्हावी.

वापरातही या यंत्राचा स्वभाव ओळखून घ्यावा लागतो. पालथे पोहताना डबी फुप्फुसांच्या वर राहते, म्हणून श्वास किंचित जड. पाठीवर वळताच हवा आपोआप वाहू लागते. नळीत पाणी शिरले तर डाव्या कुशीवर वळून फुंकावे, म्हणजे ते उच्छ्वासाच्या नळीतून निघून जाते. बुडबुडे डोक्यामागून जात असल्याने डोळ्यांसमोरचे पाणी निवांत राहते. मासे जवळ येतात, छायाचित्रकारांना हे फार प्रिय आहे.

डिंभ्याच्या पाण्यात, रीतसर परवानगीने का होईना, परीक्षा घेऊ पाहणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. हा जलाशय समुद्रसपाटीपासून सहा-सातशे मीटर उंचीवर आहे, आणि तीनशे मीटरच्या वर समुद्रासाठी केलेली बुडीची कोष्टके जशीच्या तशी लागू पडत नाहीत. शिवाय गढूळ पाण्यात बुडालेल्या झाडांचा धोका वेगळाच. पहिली बुडी उथळ, स्वच्छ पाण्यात, जाणकार सोबत्यासह आणि राखीव आधुनिक रेग्युलेटर जोडूनच घ्यावी. समुद्रात उतरलात तर त्याच दिवशी यंत्र गोड्या पाण्यात, टाकीला जोडायच्या तोंडाचे टोपण बंद असल्याची खात्री करून, बुडवून ठेवावे आणि नळ्या सावलीत टांगून वाळवाव्यात; पडद्यामागे मीठ सुकून बसले की पुढच्या वर्षी पुन्हा पट्ट्यांपासून सुरुवात करावी लागते.