किल्डेअरचा अखंड अग्नी

श्रोतेहो, अखंड दीप ही कल्पना आपणांस नवी नाही. देवघरातला नंदादीप विझू नये म्हणून मध्यरात्री उठून त्यात तेल घालणारी आजी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. उदवाड्याच्या पारशी अग्निमंदिरातील अग्नीविषयी आपण ऐकले असेल. आज ज्या अग्नीची हकीकत मी सांगणार आहे, तो मात्र येथून हजारो मैल दूर, आयर्लंडमधील किल्डेअर या गावी तेवत होता. तो राखणाऱ्या होत्या ख्रिस्ती जोगिणी. तो पहिल्याने कोणी पेटविला, हे एक ऐतिहासिक कोडे आहे.

वेल्स प्रांतातला जेराल्ड नावाचा एक धर्मगुरू 1185 साली इंग्लंडच्या राजपुत्राबरोबर आयर्लंडला गेला. त्याने त्या देशाचे जे स्थलवर्णन लिहिले, ते 1188 च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्यात किल्डेअरच्या अग्नीची हकीकत येते. संत ब्रिगिड हयात असताना तिच्यासह वीस जोगिणी हा अग्नी राखीत. तिच्या निधनानंतर एकोणीस उरल्या, आणि त्यांची संख्या पुढेही एकोणीसच ठेवण्यात आली. एकेक जोगीण एकेक रात्र जागे. विसावी रात्र आली की शेवटची जोगीण लाकडे रचून ठेवी आणि आज तुझी पाळी आहे, तुझा अग्नी तूच सांभाळ, असे ब्रिगिडला सांगून निघून जाई. सकाळी पाहावे तर लाकडे जळालेली आणि अग्नी जागता! अग्नीभोवती काटक्याफांद्यांचे गोल कुंपण होते. पुरुषाने ते ओलांडायचे नाही. अग्नीला वारा घालायचा तो पंख्याने किंवा भात्याने. तोंडाने फुंकर मारायची नाही. आणि इतकी वर्षे लाकूड जळूनही तेथे राख साठत नाही, असे जेराल्ड सांगतो.

हे वर्णन वाचल्यावर विद्वानांना ड्रुइडांची आठवण होणे साहजिक होते. ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्टिक समाजातील पुरोहित, आचार्य आणि न्यायाधीश. ज्युलियस सीझर इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहितो की, गॉल देशातील ड्रुइडांचे काही शिष्य वीस वीस वर्षे पद्ये मुखोद्गत करीत आणि ही विद्या लिहून ठेवणे निषिद्ध मानीत. आपल्या वेदपाठशाळांचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. फरक एवढाच की आपल्याकडे पाठांतराची परंपरा टिकली. तिकडे ती तुटली. ड्रुइडांनी स्वतः एक अक्षरही मागे ठेवले नाही. त्यांच्याविषयी जे कळते ते रोमन शत्रूंच्या आणि ख्रिस्ती भिक्षूंच्या लेखणीतून. कोड्याचे मूळ येथेच आहे.

एका पक्षाचे मत असे : ब्रिगिड नावाची प्राचीन देवी होती. ओक वृक्षाखाली तिच्या पुजारणी अग्नी राखीत. इसवी सनाच्या पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्म आला. पुजारणींच्या जोगिणी झाल्या आणि देवीची संत झाली. संतीचा उत्सव 1 फेब्रुवारीला, म्हणजे वसंतारंभाच्या प्राचीन सणाच्या दिवशीच येतो. तेव्हा ब्रिगिड नावाची हाडामांसाची स्त्री कधी झालीच नाही, असे हा पक्ष म्हणतो.

हे मत मोठे मोहक आहे. परंतु माझे आयुष्य सरकारी कागदपत्रांत गेले आहे, आणि त्या व्यवसायाने मला एक सवय लावली आहे. एखाद्या प्रकरणाची मिसल हाती आली की प्रथम प्रत्येक टिपणाखालची तारीख पाहावी. मूळ घटनेच्या वेळी जे कोणालाच ठाऊक नव्हते, ते मागाहून आलेल्या टिपणात पुष्कळदा तपशीलवार आढळते! ब्रिगिडची मिसलही आपण याच रीतीने चाळू.

आयरिश बखरींत तिच्या निधनाची 524, 526 आणि 528 अशी वेगवेगळी वर्षे मिळतात. कोगितोसस या लेखकाने लिहिलेले तिचे लॅटिन चरित्र सातव्या शतकाच्या उत्तरार्धातले मानतात. म्हणजे निधन आणि चरित्र यांत सुमारे सव्वाशे-दीडशे वर्षांचे अंतर आहे. कोगितोसस किल्डेअरचे मंदिर डोळ्यांपुढे उभे करतो. वेदीच्या एका बाजूस ब्रिगिडची आणि दुसऱ्या बाजूस बिशप कॉनलेथची समाधी, दोन्ही सोन्यारुप्याने मढविलेल्या. स्त्रिया आणि पुरुष यांच्यामध्ये पडदीची भिंत. तो तिच्या चमत्कारांची रास घालतो. तिचे ओले वस्त्र सूर्यकिरणावर वाळत घातले गेले, असेही सांगतो. परंतु जो चमत्कार रोज रात्री दाखविता आला असता, त्या अखंड अग्नीविषयी तो अवाक्षर काढीत नाही.

दुसरी चरित्रे सातव्या-आठव्या शतकांतली. त्यांपैकी एक कोगितोससच्याही आधीचे असावे, असे काही अभ्यासक मानतात. त्यांत ड्रुइड येतो. ब्रिगिडची आई दासी होती. ती एका ड्रुइडाला विकली गेली आणि मूल त्याच्या घरी वाढले. हा ड्रुइड दुष्ट नाही. मुलीच्या थोरवीचे भाकीत तोच करतो, आणि आकाशातील तारे पाहत असताना घरातून उठणारा अग्निस्तंभ त्यालाच दिसतो. मात्र त्याच्या घरचे अन्न त्या मुलीला पचत नाही, म्हणून तिच्यासाठी वेगळी शुभ्र गाय राखावी लागते. सिद्धार्थाच्या जन्मानंतर आलेला असित ऋषी आपणांस आठवेल. जुन्या ज्ञानपरंपरेच्या प्रतिनिधीनेच नव्या विभूतीची साक्ष द्यावी, ही कथेची जुनी रीत आहे. तिच्यावरून ब्रिगिड ड्रुइडांची शिष्या होती असे ठरत नाही. ड्रुइडाच्या तोंडची साक्ष श्रोत्यांना अजून मोलाची वाटत होती, एवढे मात्र ठरते.

ब्रिगिड देवीचे नाव सापडते ते याहून उशिरा, 900 च्या सुमारास रचलेल्या एका शब्दकोशात. हा कोश कॅशलचा राजा आणि बिशप कॉर्मक याच्या नावावर आहे. कॉर्मक 908 साली मृत्यू पावला. कोशात ती दागदा या देवाची कन्या आणि कवींची आराध्य देवता आहे. याच नावाच्या तिच्या दोन बहिणी, एक वैद्यकाची व दुसरी लोहारकामाची. येथे जोगिणी नाहीत, किल्डेअर नाही, अखंड अग्नीही नाही. तो अग्नी सविस्तर भेटतो जेराल्डच्या पुस्तकात, म्हणजे ब्रिगिडनंतर साडेसहा शतकांनी. देवी, ड्रुइड, जोगिणी आणि अग्नी हे चार धागे एकाच टिपणात कोठेही एकत्र येत नाहीत. ते एकत्र गुंफले आहेत अलीकडच्या अभ्यासकांनी.

जेराल्डची साक्षही तपासून घेतली पाहिजे. तिसऱ्या शतकातील रोमन लेखक सोलिनस हा ब्रिटनमधील मिनर्वा देवीच्या मंदिरातील अशाच अखंड अग्नीचे वर्णन करतो. तेथेही राख होत नाही, दगडासारखे गोळे होतात. जेराल्डने सोलिनस वाचलेला होता. शिवाय वेदीवरचा अग्नी विझू देऊ नये ही आज्ञा बायबलच्या जुन्या करारात आहेच, आणि आयर्लंडमध्ये संत किअरनच्या सायगिर येथील पुरुषांच्या मठातही न विझणाऱ्या अग्नीची कथा आहे. तेव्हा केवळ अखंड अग्नी म्हणजे ड्रुइडांचाच, असे म्हणता येत नाही.

मग प्राचीनतेची खूण काहीच नाही काय? आहे, आणि ती आपणां भारतीयांच्या चटकन ध्यानी येईल अशी आहे. अग्नीवर तोंडाने फुंकर मारू नये, हा निषेध मनुस्मृतीत आहे. पारशी दस्तुर अग्नीपुढे तोंडावर वस्त्र बांधतात ते याच भावनेने. ख्रिस्ती शास्त्राला या नियमाची गरज नव्हती, तरी तो किल्डेअरला पाळला जात होता. शब्दही हेच सांगतात. ब्रिगिड या नावाचा मूळ अर्थ ‘उच्च, थोर’. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृत ‘बृहती’शी जोडतात. ‘ड्रुइड’ शब्दाची फोड बहुतेक जण वृक्षवाचक ‘द्रु’ आणि ज्ञानवाचक ‘विद्’ यांच्या भावंड-शब्दांनी करतात. किल्डेअर म्हणजे ओकवृक्षाचे देऊळ. त्यातला ‘किल’ लॅटिनमधून आलेला, तर ‘डेअर’ हा आपल्या देवदारातल्या ‘दारु’चा सगोत्र. गावाच्या नावातच नवा धर्म आणि जुने झाड शेजारी नांदत आहेत.

तथापि नाव देवीचे म्हणून माणूस खोटा, हा तर्क आपल्याकडे कोणी मान्य करणार नाही. आपल्या घरोघरी सरस्वती आणि लक्ष्मी नांदत आहेत. पुढे हजार वर्षांनी एखाद्या पंडिताने त्यांना केवळ पुराणकथा ठरविले तर? रीत जुनी असू शकेल आणि तिला नवे घर देणारी स्त्रीही खरी असू शकेल. दोन्ही गोष्टी एकत्र नांदण्यास हरकत नाही. माझे मत त्याच बाजूला झुकते.

हा वाद मला निव्वळ पंडिती वाटत नाही. किल्डेअरला स्त्री आणि पुरुष दोघांचेही मठ होते, आणि कोगितोससच्या काळीच तेथील मठस्वामिनीचा अधिकार दूरवर चालत होता. त्या पदाचे वजन एवढे होते की, 1132 साली लेन्स्टरचा राजा डर्मट याने मठावर हल्ला करविला, मठस्वामिनीला पळवून तिची विटंबना केली आणि तिच्या जागी आपल्या नात्यातील स्त्री बसविली. पुराणकथेशी कोणी असे लढत नाही. जिने ही संस्था उभारली तिला देवी म्हणून आकाशात पाठविले, की तिचे कर्तृत्व जमिनीवरून पुसले जाते. कर्त्या स्त्रीला मखरात बसवून तिच्या कामाची नोंद विसरणे, हा प्रकार आपल्याही परिचयाचा आहे.

डब्लिनच्या आर्चबिशपने 1220 साली हा अग्नी विझविला, अशी परंपरा आहे. तो पुन्हा पेटला आणि सोळाव्या शतकात मठ बंद झाल्यावर कायमचा शांत झाला. 1993 साली ब्रिगिडच्या नावाने चालणाऱ्या संघाच्या जोगिणींनी किल्डेअरला तो पुन्हा चेतविला. 2006 साली तो गावच्या चौकात आला. आणि 2023 पासून आयर्लंडने ब्रिगिडच्या नावाची राष्ट्रीय सुट्टी सुरू केली.

श्रोतेहो, पहिली काडी कोणी लावली, हे कोडे कदाचित कधीच पूर्ण सुटणार नाही. विसाव्या रात्रीचा जाब आपण कोणाला विचारणार? पण उरलेल्या एकोणीस रात्रींविषयी मला शंका नाही. त्या रात्री थंडीवाऱ्यात कोणीतरी लाकडे वाहिली, भाता चालविला आणि पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागू दिला नाही. त्या बायकांपैकी एकीचेही नाव जेराल्डने लिहून ठेवलेले नाही. किल्डेअरचा अग्नी आठवताना आपण निदान त्यांना विसरू नये.