शाळांचे विलीनीकरण की शाळांची जोडणी? : चीनमधील ग्रामीण शिक्षणाचा अनुभव आणि गारगोटीचा विचार

प्रस्तावना

समकालीन चीनची चर्चा आपल्याकडे बहुधा उद्योग, व्यापार आणि सीमाप्रश्न या तीन अंगांनी होते. त्या देशाच्या खेड्यांत गेल्या २५ वर्षांत शाळांचे काय झाले, हा विषय मात्र मराठी अभ्यासकांच्या वाचनात क्वचितच येतो. वस्तुतः कमी पटाच्या शाळा चालू ठेवाव्यात की मोठ्या शाळेत विलीन कराव्यात, हा जो प्रश्न आज महाराष्ट्रापुढे उभा आहे, तो चीनने २००१ ते २०१२ या काळात फार मोठ्या प्रमाणावर हाताळला आणि त्याची किंमतही मोजली. या प्रश्नाला सामाजिक, सांस्कृतिक, शैक्षणिक आणि पर्यावरणीय अशा चारही बाजू आहेत. प्रस्तुत लेखात चीनच्या या अनुभवाचे विवेचन केले असून, गारगोटी येथे ग्रामीण शिक्षणाचा प्रयोग उभारणाऱ्या डॉ. जे. पी. नाईक यांच्या विचारांच्या प्रकाशात त्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला आहे.

ग्रामीण शिक्षणाचा समांतर वारसा

शाळेने मुलापर्यंत जावे, हा विचार कोल्हापूर परिसराला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद त्यात होती. अशी सक्ती करताना शाळा गावोगावी उपलब्ध करून देण्याची जबाबदारी ओघानेच राज्यसंस्थेवर येते.

त्याच सुमारास चीनमध्येही ग्रामीण शिक्षणाची चळवळ आकार घेत होती. शिक्षणतज्ज्ञ ताओ शिंगची यांनी १९२७ साली नानजिंगजवळ श्याओच्वांग येथे ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय स्थापन केले. कृतीतून ज्ञान जन्मते, या विचाराला अनुसरून त्यांनी आपल्या नावातील ‘ज्ञान’ व ‘कृती’ या अर्थाच्या दोन अक्षरांचा क्रमही उलटा केला होता. १९३८ साली भारतात येऊन त्यांनी महात्मा गांधींची भेट घेतली. नयी तालीमची मांडणी तेव्हा नुकतीच झालेली होती.

आजरा तालुक्यातील बहिरेवाडी येथे १९०७ साली जन्मलेल्या जे. पी. नाईक यांनी १९३० च्या दशकात धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या गावी राहून ग्रामसुधारणेचे काम केले. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास त्यांच्या पुढाकाराने गारगोटी येथे श्री मौनी विद्यापीठाची उभारणी झाली. पाटगावच्या मौनी महाराजांचे नाव धारण करणाऱ्या या संस्थेत बालशिक्षणापासून उच्च शिक्षणापर्यंतचे सर्व टप्पे एका ग्रामीण केंद्राशी जोडण्याची कल्पना होती. ताओ आणि नाईक यांची परिस्थिती भिन्न होती. तथापि खेड्यातील शिक्षण ही शहरी शिक्षणाची निकृष्ट प्रत नसावी, या मुद्द्यावर दोघांचे विचार एकाच दिशेने जातात.

चीनमधील विलीनीकरणाची कारणे

चीनमध्ये २००० साली ग्रामीण भागात सुमारे ४ लाख ४० हजार प्राथमिक शाळा होत्या. २०१० साली त्यांची संख्या सुमारे २ लाख ११ हजार उरली. याचा अर्थ दहा वर्षे दररोज सरासरी ६३ शाळा नाहीशा होत गेल्या. या घटनेमागे चार कारणे एकत्र आलेली दिसतात.

पहिले कारण जननदरातील घट हे होय. १९८० च्या सुमारास देशभर लागू झालेल्या एक-अपत्य धोरणामुळे आणि बदलत्या जीवनमानामुळे खेड्यातील मुलांची संख्या कमी होत गेली.

दुसरे कारण स्थलांतराचे. कोट्यवधी ग्रामीण तरुण किनारपट्टीच्या औद्योगिक शहरांत गेले. १९५८ पासून अमलात असलेल्या ‘हुकोउ’ या कुटुंबनोंदणी पद्धतीनुसार शिक्षणासारख्या सेवांचा हक्क नोंदणीच्या गावाशी बांधलेला असल्याने अनेकांना मुले गावीच ठेवावी लागली.

तिसरे कारण पर्यावरणीय धोरणाशी निगडित आहे. १९९९ पासून डोंगरउतारावरील शेती थांबवून तेथे वृक्ष व गवत लावण्याची मोठी योजना राबविण्यात आली आणि त्याबद्दल शेतकऱ्यांना धान्य व रोख रक्कम देण्यात आली. मातीची धूप रोखण्याच्या दृष्टीने ही योजना आवश्यक होती. परंतु शेतीत गुंतलेले मनुष्यबळ तिच्यामुळे मोकळे झाले आणि डोंगराळ भागातून बाहेर पडण्याच्या प्रक्रियेला गती मिळाली.

चौथे आणि निर्णायक कारण आर्थिक होते. पूर्वी खेड्यातील शाळांचा बराचसा भार गावाने व गावगटाने उभारलेल्या शिक्षण-पट्टीवर चालत असे. शेतकऱ्यांवरील करांचा बोजा कमी करण्यासाठी २००० नंतर या पट्ट्या रद्द होत गेल्या. २००१ साली राज्य परिषदेच्या निर्णयाने शाळांची जबाबदारी काउंटी या घटकाकडे सोपविण्यात आली. काउंटी हा प्रशासकीय घटक साधारणपणे आपल्या तालुक्याच्या जवळ जाणारा आहे. मर्यादित निधीत अनेक लहान शाळा चालविण्यापेक्षा त्या एकत्र करणे काउंटी प्रशासनास सोयीचे वाटले. येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याच निर्णयात प्राथमिक शिक्षण घराजवळ मिळावे, असे तत्त्व स्पष्टपणे नमूद होते. तत्त्व कागदावर राहिले आणि हिशेबाने अंमलबजावणीचा ताबा घेतला.

विलीनीकरणाचे परिणाम

मोठ्या शाळेत चांगली इमारत, विषयवार शिक्षक, संगणक आणि ग्रंथालय मिळेल, ही अपेक्षा काही प्रमाणात पूर्ण झाली. परंतु शाळा घरापासून दूर गेली. दहा प्रांतांत झालेल्या एका पाहणीत ग्रामीण प्राथमिक विद्यार्थ्याचे घर व शाळा यांतील अंतर सरासरी ५ किलोमीटरहून अधिक, तर माध्यमिक विद्यार्थ्याचे १७ किलोमीटरहून अधिक आढळले. त्यामुळे सहा-सात वर्षांच्या मुलांपुढे दोनच मार्ग उरले : दररोजचा लांबचा प्रवास किंवा वसतिगृह.

प्रवासाचा धोका नोव्हेंबर २०११ मध्ये जगासमोर आला. गान्सू प्रांतातील झंगनिंग काउंटीत एका बालवाडीच्या वाहनाला अपघात झाला. नऊ आसनांच्या त्या वाहनात ६४ जण कोंबलेले होते. १९ मुलांसह २१ जण मृत्युमुखी पडले. बालवाडी सक्तीच्या शिक्षणात मोडत नसली तरी या घटनेने खेड्यातील मुलांच्या शाळेपर्यंतच्या प्रवासाचा संपूर्ण प्रश्न चर्चेत आणला. एप्रिल २०१२ मध्ये शालेय वाहनांच्या सुरक्षिततेचे नियम जारी करण्यात आले.

वसतिगृहांची स्थितीही समाधानकारक नव्हती. कमी वयाची मुले, अपुरे कर्मचारी आणि निकृष्ट आहार या तक्रारी सातत्याने येत राहिल्या. २०११ च्या अखेरीस गरीब ग्रामीण भागातील सुमारे २ कोटी ६० लाख विद्यार्थ्यांसाठी प्रत्येकी दररोज ३ युआन खर्चाची पोषण योजना सुरू करावी लागली. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ५२ काउंटींतील १,१५५ शाळांची जी तपासणी केली, तीत शाळा सोडणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या २००६ मधील ३,९६३ वरून २०११ मध्ये ८,३५२ वर गेल्याचे आढळले. यावरून बचत म्हणून जे दाखविले गेले, त्यातील बराच भाग प्रत्यक्षात खर्चाचे हस्तांतर होते, हे स्पष्ट होते. शाळेच्या अंदाजपत्रकातून वजा झालेली रक्कम कुटुंबाच्या खर्चात प्रवासभाडे, भोजन आणि आजीआजोबांचे कष्ट या रूपाने जमा झाली.

आजीआजोबांचा उल्लेख येथे सहेतुक आहे. २०१० च्या जनगणनेवर आधारित अंदाजानुसार आईवडिलांपैकी एक किंवा दोघे परगावी असल्याने गावी राहिलेल्या ग्रामीण मुलांची संख्या ६ कोटी १० लाखांच्या आसपास होती. २०१६ साली शासनाने व्याख्या संकुचित केली. आईवडील दोघेही बाहेर असलेली, किंवा एक बाहेर व दुसरा सांभाळण्यास असमर्थ असलेली मुले तेवढीच तीत धरली गेल्याने हा आकडा सुमारे ९० लाखांवर आला. या दोन संख्यांतील तफावत मुख्यतः व्याख्येची आहे, हे अभ्यासकाने विसरता कामा नये. अशा मुलांसाठी गावातील शिक्षक हा जवळचा एकमेव सुशिक्षित प्रौढ असण्याची शक्यता मोठी असते. शाळेबरोबर तोही गावातून जातो.

सांस्कृतिक परिणाम आकड्यांत मावत नाही. समाजशास्त्रज्ञ फेइ श्याओतुंग यांनी १९४० च्या दशकात अक्षरे खेड्यांत उतरण्याच्या प्रक्रियेची मीमांसा केली होती. विलीनीकरणानंतर पुढील पिढीच्या अभ्यासकांनी ‘अक्षरे वर चढत चालल्याची’ नोंद केली. शाळा गेल्यावर गावातील सभा, उत्सव आणि वाचन यांची हक्काची जागा जाते. मुलाबरोबर आई तालुक्याच्या ठिकाणी भाड्याने राहू लागते, आणि जे गाव मुलांअभावी शाळा गमावते, ते शाळेअभावी उरलेली मुलेही गमावते.

धोरणातील दुरुस्ती

सप्टेंबर २०१२ मध्ये चीनच्या राज्य परिषदेने अशा विलीनीकरणास लगाम घातला. शाळा बंद करण्यापूर्वी पालकांचे मत घेणे, नियोजन जाहीर करणे आणि ते होईपर्यंत विलीनीकरण थांबविणे, असे आदेश देण्यात आले. त्यातील एक तरतूद विशेष महत्त्वाची आहे. १०० पेक्षा कमी पट असलेल्या शाळेला १०० विद्यार्थी गृहीत धरून चालू खर्चाचे अनुदान द्यावे, असे ठरले. दरडोई अनुदानाच्या पद्धतीत लहान शाळा आपोआप उपाशी राहते, हे यामागील तर्क होय. २०१८ साली लहान ग्रामीण शाळांच्या बळकटीकरणासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना निघाल्या.

मात्र तोपर्यंत निम्म्याहून अधिक शाळा गेल्या होत्या. पुढे जन्मांची संख्याही झपाट्याने उतरली. २०१६ साली चीनमध्ये सुमारे १ कोटी ७९ लाख जन्म झाले होते; २०२३ साली ते ९० लाख २० हजार इतके झाले. त्यामुळे काही ठिकाणी शाळा एकत्र करणे अटळ आहे, हे मान्य करावे लागते. प्रश्न आहे तो निकषांचा आणि पद्धतीचा.

महाराष्ट्रातील स्थिती

शिक्षण हक्क कायदा २००९ आणि महाराष्ट्राचे २०११ चे नियम यांनुसार पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर व सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर अंतरात शाळा अभिप्रेत आहे. डिसेंबर २०१७ मध्ये १० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळांच्या समायोजनाचा निर्णय जाहीर झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले आणि त्यासाठी पानशेत व तोरणमाळ येथील प्रयोगांचा दाखला देण्यात आला. अशा शाळांची संख्या राज्यात १४ हजारांहून अधिक असल्याचे त्या वेळी समोर आले. मार्च २०२४ मधील संचमान्यतेच्या निकषांनी लहान शाळांतील शिक्षकसंख्येचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला.

भुदरगड तालुक्यासारख्या भागात हा प्रश्न भूगोलाशी जोडलेला आहे. सह्याद्रीच्या उतारावर विखुरलेल्या वाड्या आणि धनगरवाडे यांच्यासाठी नकाशावरील दोन किलोमीटर हे जुलै महिन्यात भरलेल्या ओढ्यापलीकडचे दोन किलोमीटर असतात. याच कोल्हापूर जिल्ह्यात दरवर्षी बीड व अन्य भागांतून ऊसतोडणीसाठी कुटुंबे येतात. त्यांच्या मुलांसाठी साखरशाळा आणि गावाकडे हंगामी वसतिगृहे असे उपाय योजले गेले. गावी राहिलेल्या चिनी मुलांचा प्रश्न म्हणूनच आपल्याला परका वाटू नये.

दोन्ही देशांतील फरकही लक्षात घेतले पाहिजेत. भारतात शिक्षण हा न्यायालयात दाद मागता येणारा मूलभूत हक्क आहे. तसेच येथे पट कमी होण्यामागे खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळांचे आकर्षण हे मोठे कारण आहे.

शाळासंकुलाची कल्पना

या पेचातून निघण्याची एक वाट डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ मध्येच दाखविली होती. जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते. एका माध्यमिक शाळेभोवती परिसरातील प्राथमिक व उच्च प्राथमिक शाळांचा गट बांधावा, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि तज्ज्ञ शिक्षक यांचा लाभ सर्वांना द्यावा, रजेवरील शिक्षकाच्या जागी गटातून बदली शिक्षक मिळावा, अशी ही शाळासंकुलाची योजना होती. येथे साधने व शिक्षक फिरतात आणि लहान मूल आपल्या वाडीतच शिकते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये या कल्पनेचा नामनिर्देशपूर्वक स्वीकार करण्यात आला. देशातील सुमारे २८ टक्के शासकीय प्राथमिक शाळांत ३० पेक्षा कमी विद्यार्थी असल्याची २०१६-१७ ची आकडेवारी देऊन, अशा शाळांचे एकाकीपण दूर करणे हा संकुलाचा हेतू सांगितला आहे. परंतु ‘समूह’ हा शब्द जोडणीसाठीही वापरता येतो आणि बंद करण्यासाठीही. आयोगाला अभिप्रेत असलेला अर्थ पहिला होता. नाईक यांनी पुढे भारतीय शिक्षणातील समता, गुणवत्ता आणि संख्या यांना हाती न येणारा त्रिकोण म्हटले. चीनने गुणवत्तेसाठी अंतर वाढविले, तेव्हा समतेचा कोन निसटला.

समारोप

चीनच्या अनुभवातून प्रत्येक लहान शाळा कोणत्याही स्थितीत चालूच ठेवावी, असा निष्कर्ष निघत नाही. चार मुले आणि एक शिक्षक एवढ्यावर मुलाचे सामाजिक शिक्षण पूर्ण होत नाही, ही बाजूही खरी आहे. निष्कर्ष एवढाच निघतो की, पटसंख्या हा एकमेव निकष अपुरा आहे. शाळा बंद करण्याचा निर्णय घेण्यापूर्वी पावसाळ्यातील पायवाटेचे प्रत्यक्ष अंतर, मुलाला पोहोचविणारी घरातील व्यक्ती व तिचा बुडणारा रोजगार आणि मुलींचे शिक्षण थांबण्याची शक्यता या तीन बाबी वाडीनिहाय नोंदविल्या गेल्या पाहिजेत. अशी नोंद करण्यास मोठा निधी लागत नाही. ग्रामीण महाविद्यालयांतील समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र व शिक्षणशास्त्र विभाग आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी हे काम आपल्या तालुक्यापुरते करू शकतात. चीनमध्ये लेखापरीक्षणाचे निष्कर्ष शाळा बंद झाल्यानंतर हाती आले. ते आधी हाती यावेत, यासाठी लागणारे मनुष्यबळ गारगोटीसारख्या शिक्षणकेंद्रात उपलब्ध आहे.